रबाळ्यातून ब्रह्महृदय

पायरोमीटर बंद पडला तेव्हा
सुपरवायझरने हसुराम मढवीला हाक मारली.
भट्टीच्या झरोक्याशी वाकून, डावा डोळा मिटून,
तो म्हणाला, नऊशे तीस. धा इकडं तिकडं.
तासाभराने नवा काटा बसवला.
नऊशे पस्तीस.

मी लॅबमधली. गिअर कापते, घासते,
कठीणपणा मोजते, रजिस्टर भरते.
माझे रंग तक्त्यातले. त्याचे खाडीतले आणि मांडवातले:
शिजलेल्या चिंबोरीची पाठ म्हणजे साडेसातशे,
उकडलेली कोळंबी नऊशेच्या पुढे,
अकराशेला हळदीतला नवरा,
मग तांदळाची भाकरी.
तिच्यापुढं आपली भट्टी जात नाय, म्हणतो,
आन डोल्यानीपन जाऊ नये.

कार्तिकात साडेआठच्या चहाला
आम्ही मागच्या गेटपाशी उभे राहतो.
कुठल्याशा कंपनीचा आंबूस वास, हायमास्टचा पांढरा धूर,
आणि तरीही पारसिकच्या डोंगरावर वीत-दीड वीत
तो असतोच.
ब्रह्महृदय, मी म्हटलं.
नावाचं त्याला काही नव्हतं.
आग कितीची?

वरवरची चार हजार सातशे.
तो हसला. मंग वीट कंची लावलीय?
वीट नाही. स्वतःचं वजन हीच भिंत.
त्याने चहाचा घोट तोंडात तसाच धरला.

मग मी सांगत गेले, जमेल तसं:
की मधला हायड्रोजन संपला,
पोटात हेलियमची राख उरली, आवळत गेली,
आवळता आवळता तापली,
आणि आग तिच्याभोवती कड्यासारखी बाहेर सरकली.
अंग फुगलं, सूर्याच्या बारापट.
कातडी आगीपासून लांब गेली म्हणून निवली.
तरुणपणी हा निळसर पांढरा होता, गरगर फिरायचा.
आता पिवळा. सावकाश.
निवलाय, पण उजेड आधीपेक्षा जास्त,
कारण अंगच एवढं.

आन राखेचं काय?
ती आता पेटलीय.
राख जलत नाय, हसुराम म्हणाला.
चाळीस वर्षं राख ओढलेला माणूस.
तिथे जळते, मी म्हटलं,
आणि मला उगाच अपराधी वाटलं.

वय साठ कोटी. सूर्याचं चारशे साठ.
म्हनजे म्हातारा ल्हान, पोरगा मोठा?
याचं वजन जास्त होतं, भराभर जळला.
ओव्हरटाईम, तो म्हणाला.

ते दोन आहेत हेही सांगितलं,
एकशे चार दिवसांत एकमेकांभोवती फेरी,
दुसरा किंचित हलका, अजून वाटेतच,
आणि आपल्याला दिसतो एकच ठिपका.
यातला मोठा, एवढा थोरला,
सगळा मिळून हवेच्या दुपटीइतकाही दाट नाही.
यावर तो काही बोलला नाही. कप उपडा करून
तळाची पावडर झटकली.

उजेड निघून त्रेचाळीस वर्षं झाली म्हटल्यावर
मात्र त्याने बोटं मोजली.
गोठिवलीतून चालत आलो व्हतो, सतराचा.
तेलाच्या टाकीपाशी हेल्पर.
म्हनजे तिकडून कोन बगत आसंल
त्याला मी आज कामावर लागतोय.
जरा थांबून:
सांग त्याला, हातमोजे माग. पयल्या दिवशीच माग.

भोंगा झाला.
चालता चालता त्याने डावा डोळा मिटला, वर पाहिलं.
या डोल्यानी आता नाय दिसत, म्हणाला,
ह्यो भट्टीला दिला.
तक्रार नव्हती. ट्रेमध्ये किती गिअर बसतात
ते सांगावं तसं.

आत आल्यावर झाकण सरकवून त्याने मला बोलावलं.
बग. हळद नाय. कोलंबी.
मी डावा डोळा मिटला, वाकले.
पापणीपर्यंत झळ आली.
मला नुसता उजेड दिसला.